मदत हवी आहे: काठी घेऊन पीथमपूरला शर्यतीच्या कामाला जाता येईल का?

नमस्कार. मी इंदूरची, वय ५४. पीथमपूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात २२ वर्षं क्वालिटीत काढली, दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली. जुलैत राऊजवळ ओल्या गिट्टीवरून स्कूटर घसरली आणि डाव्या नडगीचं हाड अगदी वर, गुडघ्याला भिडतं तिथेच फुटलं. प्लेट बसली, सात स्क्रू बसले. बारा आठवडे त्या पायावर वजन टाकायचं नव्हतं. आधी वॉकर, मग दोन कुबड्या, आता एक काठी.

आजची स्थिती सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज येईल. गुडघा १०० अंशांपर्यंत वाकतो. सपाट रस्त्यावर अर्धा तास चालते. जिना कठड्याला धरून, एकेक पायरी. मांडी घालता येत नाही, उकिडवं बसणं तर नाहीच. संध्याकाळी घोट्यापर्यंत सूज उतरते. पळणं अजून सहा महिने तरी नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

आता मूळ गोष्ट. इंजिनिअरिंगच्या मुलांची बाहा, म्हणजे स्वतः बांधलेल्या गाड्यांची स्पर्धा, २००७ साली पहिल्यांदा पीथमपूरला झाली, तेव्हा मी कारखान्यातल्या दोघांबरोबर नुसती बघायला गेले होते. एका माणसाची, नळ्यांच्या सांगाड्याची गाडी मुलांनी स्वतः बांधायची. तिला दहा हॉर्सपॉवरच्या आसपासचं छोटं इंजिन. आणि शेवटच्या दिवशी चार तासांची सलग एन्ड्युरन्स, म्हणजे गाडीच्या टिकाऊपणाची शर्यत. त्या चार तासांत काय काय तुटतं ते बघितलं आणि मी अडकलेच. वर्षभर रात्री जागून केलेलं वेल्डिंग तिसऱ्या तासाला सुटतं, पोरं रडतात, आणि वीस मिनिटांत तीच गाडी परत ट्रॅकवर येते. पुढे चार वेळा मदतीला गेले. दोनदा तपासणीत, दोनदा ट्रॅकच्या कडेला झेंडा घेऊन.

मला झेंड्याचं काम जास्त आवडतं, हे कबूल करते. वळणावर गाडी उलटली की पिवळा हलवायचा आणि मागून येणाऱ्या गाडीचा वेग आपल्या हातामुळे कमी होताना बघायचा. धुळीने तोंड भरलेलं असतं, दुपारी पोह्यांचं पाकीट गार झालेलं असतं, आणि तरी जागेवरून हलावंसं वाटत नाही.

यंदाचा फॉर्म आलाय. त्यात एक रकाना आहे: ‘शारीरिक अडचण असल्यास लिहा’. गेले आठ दिवस तो कोरा आहे. खरं लिहिलं तर नाव बाजूला ठेवतील अशी भीती वाटते. नाही लिहिलं तर मला ट्रॅकवर उभं करतील, आणि ती भीती जास्त मोठी आहे.

कारण तपासणीत मीच स्टॉपवॉच धरलेलं आहे. बाहाचा नियम असा की पट्टे बांधून बसलेल्या ड्रायव्हरला पाच सेकंदांत गाडीबाहेर पडता आलं पाहिजे. सहा लागले तर मी त्या मुलाला परत बसवायचे. मग परवा व्हरांड्यात मी स्वतःचीच वेळ लावली. प्लॅस्टिकच्या खुर्चीतून उठून, काठी घेऊन, भिंतीच्या आडोशाला पोचायला अकरा सेकंद लागले. आणि तो व्हरांडा फरशीचा आहे, ट्रॅकच्या कडेचं ढेकळाचं रान नव्हे.

भाचा म्हणतो, मावशी, फॉर्म्युला वनच्या टीमचे मालक फ्रँक विल्यम्स, त्यांच्याकडे बघ. १९८६च्या मार्चमध्ये फ्रान्समध्ये मोटार उलटून त्यांची मान मोडली, पुढचं सगळं आयुष्य व्हीलचेअरवर गेलं, आणि त्या अपघातानंतरही त्यांच्या टीमने फॉर्म्युला वनचं कन्स्ट्रक्टर्स, म्हणजे टीमसाठीचं, विजेतेपद सात वेळा जिंकलं. मला हे ठाऊक आहे आणि त्या माणसाबद्दल फार आदर आहे. पण त्यांच्या खुर्चीभोवती अख्खी टीम होती. मी जाणार ती दुसऱ्यांच्या मदतीला. तिथे माझ्याच मदतीला दोन माणसं लागली तर काय उपयोग?

घरात मतं दोन. हे म्हणतात, एक वर्ष गेलं तर काय बिघडतं. सासूबाई ८१ वर्षांच्या. त्या म्हणतात, जा, पण खुर्ची घरून ने.

तर विचारायचं हे की न पळणाऱ्या माणसाला शर्यतीत कोणतं काम खरोखर देता येतं? शोभेची खुर्ची नको आहे. जे काम मी केलं नाही तर दुसऱ्या कोणाला करावंच लागेल, असं काम हवं. रकान्यात काय आणि किती लिहावं? आणि संकोच न करता विचारते, मैदानावरच्या तात्पुरत्या संडासांचं काय करता? उकिडवं बसता येत नसेल तर दिवसभर पाणी न पिता राहायचं का? काठी किंवा कुबडी घेऊन कोणी असं काम केलं असेल तर जरूर लिहा.

---

प्रतिसाद, बडोद्याहून

ताई, आधी नको ते सांगतो. झेंडा यंदा नको. शर्यतीच्या कडेला उभं राहणाऱ्याचं पहिलं काम म्हणजे धावत्या गाड्यांकडे पाठ न करणं आणि दुसरं म्हणजे वेळ आली की हटणं. फॉर्म्युला वनमध्ये २००० साली मोंझाला आणि २००१ साली मेलबर्नला सुटलेल्या चाकाने एकेक मार्शल, म्हणजे ट्रॅकच्या कडेला सुरक्षेचं काम करणारा माणूस, गेला. ती तर धडधाकट, शिकलेली माणसं होती. २०१३ साली माँट्रियलला तर शर्यत संपली होती. बंद पडलेली गाडी ओढून नेणाऱ्या वाहनासमोर मार्शल अडखळून पडला आणि त्याखाली आला. मुद्दा अडखळण्याचा आहे. तुमच्या पायाला सध्या त्याचीच भीती आहे.

आता हवं ते. मी टीएसडी रॅल्यांमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेगाने ठरलेलं अंतर नेमक्या वेळेत कापायच्या रॅल्यांमध्ये, टाइम कंट्रोलवर बसतो. बसतो म्हणजे खरोखर बसतो: टेबल, खुर्ची, घड्याळ, वहीचा तक्ता. गाडी कंट्रोलपाशी येऊन थांबते, ड्रायव्हरशेजारी बसून वाट सांगणारा नॅव्हिगेटर कार्ड पुढे करतो, आपण वेळ लिहून सही करतो. रॅली त्या आकड्यांवरच जिंकली किंवा हरली जाते. तीसचे एकतीस लिहिलेत तर एखाद्याची महिन्यांची तयारी वाया जाते. बावीस वर्षं क्वालिटीत काढलेल्या माणसाहून यासाठी योग्य कोण? बाहातही लॅप, म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्या, मोजणं, वेळ नोंदणं, वायरलेसवर येणारे निरोप लिहून घेणं ही कामं असतातच, आणि ती सहसा कोणी मागून घेत नाही, सगळ्यांना ट्रॅकजवळ जायचं असतं.

रकान्यात खरं लिहा, पण ‘पाय मोडला आहे’ एवढंच लिहून थांबू नका. नुसतं तेवढं वाचून माणूस नाही म्हणतो. काय येतं ते आधी लिहा.

---

प्रतिसाद, इंदूर

ताई, राग मानू नका, पण घरीच थांबा. माझ्या वडिलांनी असंच घाईने चालायला घेतलं आणि दुसऱ्यांदा ऑपरेशन झालं. बाहा पुढच्या वर्षीही होईल.

---

प्रतिसाद, ग्वाल्हेरहून

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच. पण घरी करून बघण्यासारखी एक चाचणी सांगते. खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. काठी चालेल. ही मुळात ज्येष्ठांसाठीची चाचणी आहे आणि १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. आठवड्यातून दोनदा करून लिहून ठेवा. वळताना अडखळता का ते कोणाला तरी बघायला सांगा, तो क्षण सर्वात फसवा असतो.

दुसरं, सूज. खुर्चीत चार तास पाय लोंबत ठेवून बसणं हे अर्धा तास चालण्यापेक्षा वाईट. पायाखाली खोकं किंवा स्टूल घ्या. पाऊण तासाने उठून पन्नास पावलं टाका, बसल्या बसल्या घोटे वरखाली करत राहा. मैदानावर जायच्या आधी घरी रंगीत तालीम करा: सकाळी साडेआठ ते साडेबारा, त्याच खुर्चीत, त्याच बुटांत. संध्याकाळी पाय किती सुजतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरतो का, हे बघा. सकाळी सूज तशीच असेल तर अजून वेळ झालेली नाही. आणि एकाच पायाची पोटरी गरम, लाल, दुखरी झाली तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

पाणी बंद करू नका, कृपा करून. कमोडची घडीची खुर्ची मेडिकलच्या सामानाच्या दुकानात मिळते, काही ठिकाणी भाड्यानेही. नाहीतर जवळच्या इमारतीत कमोड आहे का ते आधीच विचारून घ्या. हा प्रश्न फॉर्ममध्येच विचारावा. बायका तो विचारत नाहीत आणि दिवसभर कोरड्या घशाने बसतात.

---

धागाकर्ती

तिघांचेही आभार. वडिलांबद्दल लिहिलंत त्यांना: राग अजिबात नाही. तुमच्यामुळेच मी काल डॉक्टरांना फोन केला. एक्स-रेत हाड भरत आलंय, दिवसातून चार-पाच तास बसून काम करायला त्यांची हरकत नाही, खडबडीत जमिनीवर मात्र एकटीने चालायचं नाही असं म्हणाले.

रंगीत तालीम रविवारी केली. भाच्याने मोबाइलवर जुन्या एन्ड्युरन्सचा व्हिडिओ लावला आणि मी गाड्यांचे नंबर बघून लॅप मोजले. एका चिखलाने माखलेल्या गाडीचा नंबर तीनदा चुकला, तेव्हा कळलं की हे बसल्या जागेचं काम हलकं नाही. पाय सुजला, सोमवारी सकाळी उतरलेला होता. खुर्चीची चाचणी पहिल्यांदा १५ सेकंद, काल १३.

रकान्यात हे लिहिलंय, वाचून सांगा: “तपासणी आणि नोंदणीचा अनुभव आहे. चार तास बसून वेळ, लॅप किंवा हेल्मेट-कागदपत्रांची तपासणी करू शकते. डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काठीने चालते. पळू शकत नाही, गुडघे टेकू शकत नाही, म्हणून ट्रॅकची कडा आणि पिट लेन देऊ नये. गेटपासून कामाच्या जागेपर्यंत वाहन आणि जवळ कमोड लागेल. बाहेर पडण्याची वेळ आली तर कोणी उचलायला येऊ नये, इतक्या आतली जागा द्यावी.”

शेवटच्या वाक्यावर हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मी पण फॉर्म भरतो, पाणी वाटायला तरी घेतील.

एकच राहिलं. काठीच्या बुडाची रबरी टोपी तीन आठवड्यांत एका बाजूने झिजली. मातीत रुतणार नाही अशी रुंद बुडाची टोपी इंदुरात कुठे मिळेल? राजवाड्याजवळ दोन दुकानांत विचारलं, त्यांच्याकडे फक्त बारीक आहेत.