मदत हवी आहे : घरातल्या तिघांसाठी मराठीतून ऑनलाइन समुपदेशन

नमस्कार,

मी नाशिकला इंदिरानगर भागात राहतो आणि सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता विभागात नोकरी करतो. पत्नी घरीच शिकवण्या घेते. वडील गेल्यानंतर आई निफाड तालुक्यातील गावाहून आमच्याकडे राहायला आली आणि गावची द्राक्षबाग धाकट्या भावाकडे राहिली. आम्हाला कौटुंबिक समुपदेशन घ्यायचे आहे, ते ऑनलाइन आणि मराठीतून हवे आहे, आणि त्यासाठी योग्य व्यक्ती कशी पारखावी याबद्दल येथील जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

वादाचे मूळ बागेच्या खर्चात आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की डावणी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीने फवारण्या वाढतात, औषधांच्या दुकानातली उधारी वाढते आणि मग भावाचा फोन येतो. मी पैसे पाठवतो. मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेली रक्कम अशी दरवर्षी कमी होत जाते, हा पत्नीचा आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. आईला मात्र धाकट्याचा संसार बुडताना दिसतो. फोन आल्याच्या दिवशी आई अर्धी भाकरी खाऊन उठते, पत्नीला तो आपल्यावरचा राग वाटतो, आणि पुढचे काही दिवस दोघींमधले सगळे निरोप आमच्या मुलीमार्फत जातात. ती सातवीत आहे. ‘आजीला विचार चहा घेणार का’ एवढेही तिच्याकरवी विचारले जाते, हे मला सर्वांत जास्त बोचते.

आईचे म्हणणे असे, की घरातली गोष्ट परक्याला कशाला सांगायची, त्यापेक्षा मामांना बोलवा. मामांबद्दल मला मनापासून आदर आहे आणि वाटणीच्या वेळी त्यांनीच सर्वांना एकत्र बसवले होते. परंतु नात्यातला मोठा माणूस बसला की तो निवाडा करून उठतो. कोणी किती द्यायचे हे ठरते, आणि पत्नीच्या व आईच्या मनात जे साचले आहे ते तसेच राहते. आम्हाला निवाडा नको आहे, एकमेकांचे शेवटपर्यंत ऐकून घेण्याची सवय लावणारे कोणी हवे आहे. समुपदेशन म्हटले की आमच्या नातेवाइकांना कौटुंबिक न्यायालय आणि घटस्फोट आठवतो, म्हणून हे सर्व सध्या घरापुरतेच आहे.

ऑनलाइनचा आग्रह पत्नीचा आहे आणि तिची कारणे मला पटतात. गंगापूर रोडला किंवा कॅनडा कॉर्नरला एखाद्या दवाखान्याबाहेर बसलो, तर शिकवणीच्या मुलांपैकी कोणाचे तरी आईवडील भेटणारच. माझ्या पाळ्या बदलत्या आहेत आणि आईचे गुडघे जिना चढू देत नाहीत.

यापूर्वी आम्ही एका ॲपवरून सुरुवात केली होती. त्यात बैठकांचे पैसे आधी एकरकमी भरावे लागले, समुपदेशक मध्येच बदलल्यामुळे सर्व पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागले, आणि संभाषण इंग्रजीमिश्रित हिंदीत असल्याने पत्नी मोजकेच बोलत राहिली. घरात दार लावून बसणे शक्य नसल्यामुळे आम्ही खाली पार्किंगमध्ये गाडीत बसून, मोबाइल डॅशबोर्डवर टेकवून बोलत असू. नेमकी ती बोलू लागली, की पहारेकरी काच वाजवून गाडी पुढे घ्यायला सांगे. उरलेले पैसे परत मिळाले नाहीत, परंतु त्याहून मोठे नुकसान म्हणजे पत्नीचा उत्साह मावळला. आता ती पुन्हा तयार झाली आहे आणि या वेळी निवड चुकू नये असे मला तळमळीने वाटते.

मी जेवढी माहिती मिळवली ती येथे मांडतो. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर असतात आणि ते औषधे देऊ शकतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि ती परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येते. समुपदेशक म्हणवणाऱ्या प्रत्येकाकडे अशी नोंदणी असतेच असे नाही. मार्च २०२० मध्ये आलेली टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन किंवा व्हिडिओवरून उपचार देण्याची, मार्गदर्शक तत्त्वे नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत. केंद्र सरकारची टेली मानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही मिळते. भावाची झोप उडाली होती तेव्हा मी त्याला हा क्रमांक दिला. तो बराच वेळ बोलला आणि त्यानंतर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जाऊनही आला. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही सेवाही फोन आणि ईमेलवरून समुपदेशन करते. अडचणीच्या वेळी अशा सेवांचा मोठाच आधार आहे. आम्हाला मात्र काही महिने एकाच व्यक्तीबरोबर चालणारे काम हवे आहे.

तेव्हा माझा पहिला आणि मुख्य प्रश्न असा, की वैवाहिक आणि कौटुंबिक समुपदेशनासाठी कोणते शिक्षण व कोणता अनुभव पाहावा, आणि पहिल्याच फोनवर कोणते प्रश्न विचारले असता समोरच्या व्यक्तीची तयारी कळते? कोणाच्या देखरेखीखाली काम करता, असे विचारणे उद्धटपणाचे ठरेल का?

दुसरे असे, की पती-पत्नी आणि सासू या तिघांचे काम एकाच समुपदेशकाने करावे, की आईसाठी वेगळी व्यक्ती असावी? आम्ही दोघे आधी बसलो आणि आई नंतर आली, तर हे दोघे आपल्याविरुद्ध सांगून बसले आहेत असे तिला वाटेल, ही माझी खरी भीती आहे. तिला पडद्यासमोर बसण्याचाही संकोच आहे. केवळ फोनवरच्या बोलण्याचा तिच्या वयाच्या व्यक्तीला उपयोग झाल्याचा कोणाचा अनुभव असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

गोपनीयतेबद्दलही मला स्पष्टता हवी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. आम्ही तर आजारी म्हणून जात नाही. अशा वेळी आमचे बोलणे कोणत्या नियमाने सुरक्षित राहते, आणि ध्वनिमुद्रण होणार नाही हे लेखी मागून घेण्याची पद्धत आहे का? पत्नीने एकटीने सांगितलेले मला कळू नये आणि माझे तिला, हे समुपदेशक कसे सांभाळतात?

जागेची अडचण किरकोळ वाटेल, परंतु आमच्याकडे काम तिथेच अडते. दोन खोल्यांच्या घरात राहून ज्यांनी ऑनलाइन बैठका पूर्ण केल्या आहेत, त्यांनी काय व्यवस्था केली ते कळवावे. पाथर्डी फाटा ते नाशिकरोड या पट्ट्यात तासाभरासाठी शांत खोली भाड्याने मिळत असल्यास तेही चालेल.

महाराष्ट्रातील कोणत्याही गावचे समुपदेशक चालतील. बैठकीगणिक पैसे घेणारे असावेत आणि शक्यतो ग्रामीण भागातील एकत्र कुटुंबांबरोबर त्यांनी काम केलेले असावे. बागेचे कर्ज म्हणजे काय हे समजावून सांगण्यातच बैठक संपू नये. रविवारी दुपारी मुलगी चित्रकलेच्या वर्गाला जाते, तेवढा वेळ आम्हाला नक्की मिळतो. नावे येथे लिहिणे प्रशस्त वाटत नसेल तर खासगी निरोपातून कळवावीत.