परदेशी बँकेचं भांडवल यजमान देशातच बांधून ठेवावं का?

निधीप्रवाह (धागाकर्ता)
अमेरिकेत २०१० साली डॉड-फ्रँक हा वित्तीय सुधारणांचा कायदा आला. त्याच्या कलम १६५ खाली फेडने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, फेब्रुवारी २०१४ मध्ये नियम काढला: शाखा (मूळ बँकेचाच भाग, वेगळी कंपनी नव्हे) वगळून अमेरिकेतली मालमत्ता ५० अब्ज डॉलर किंवा जास्त असलेल्या मोठ्या परदेशी बँकांनी १ जुलै २०१६ पर्यंत तिथल्या उपकंपन्या एका इंटरमीडिएट होल्डिंग कंपनीखाली, म्हणजे आयएचसीखाली आणायच्या. या कंपनीचं भांडवल, तरलता (देणी वेळेत भागवायला हाताशी असलेला पैसा), स्ट्रेस टेस्ट (संकटात टिकेल का याची चाचणी) सगळं स्वतंत्र.

नियम योग्यच आहे. त्याआधी काय चालायचं ते बघा. मूळ बँक भक्कम मानली गेली की तिच्या अमेरिकी होल्डिंग कंपनीला वेगळं भांडवल ठेवावं लागत नसे. डॉड-फ्रँकमधल्याच कॉलिन्स दुरुस्तीने ही सवलत काढल्यावर डॉइश बँकेने काय केलं? २०१२ मध्ये रचना बदलली आणि टॉनस या आपल्या अमेरिकी कंपनीचा बँक होल्डिंग कंपनीचा (बँकेची मालकी असलेल्या कंपनीचा) दर्जाच सोडून दिला, म्हणजे तो नियम लागूच होईना. बार्कलेजने तीच वाट २०१० मध्येच धरली होती. ही पळवाट बुजवायला आयएचसीशिवाय इलाज नव्हता.

सीमापार
साफ असहमत. भांडवल प्रत्येक देशात वाटून कुलूपबंद केलं की संकट जिथे येईल तिथे ते नेता येत नाही.

स्वित्झर्लंडची क्रेडिट स्विस घ्या. बँक पडली ती ठेवी पळाल्यामुळे, हे मान्य. पण तिच्या मूळ बँकेचं भांडवल परदेशी उपकंपन्यांतल्या गुंतवणुकीत रुतलेलं होतं, हे विसरू नका. उपकंपनीचं मूल्य उतरलं की खड्डा मूळ बँकेच्या ताळेबंदात पडतो, आणि उपकंपनीच्या देशातला नियामक पैसा सहजी बाहेर सोडत नाही. १९ मार्च २०२३ ला यूबीएसने ही बँक ३ अब्ज फ्रँकला घेतल्याचं जाहीर झालं.

शिवाय एकाने भिंत बांधली की दुसराही बांधतो. युरोपीय आयुक्त बार्निए यांनी २०१३ मध्येच फेडचे तेव्हाचे अध्यक्ष बर्नान्की यांना पत्राने तसं बजावलं होतं. पुढे युरोपीय संघाने ४० अब्ज युरोंची मर्यादा ठेवून स्वतःची मध्यस्थ मूळ कंपनी (परदेशी समूहाच्या युरोपातल्या बँका जिच्याखाली आणायच्या ती) सक्तीची केलीच. जुन्या समूहांना त्यासाठी ३० डिसेंबर २०२३ ची मुदत होती.

ताळेबंद
दोघेही भांडवलावर बोलताय, पण रोजच्या कामात जास्त बोचते ती तरलता. गृहीत आकडे घेऊन बघू. ३० दिवसांच्या ताणात आयएचसीकडून बाहेरच्यांना १० अब्ज डॉलर जायचेत, बाहेरून ६ अब्ज यायचेत आणि मूळ बँकेकडून ५ अब्ज. समूह म्हणून बघितलं तर १ अब्ज शिल्लक. फेडच्या हिशेबात मात्र समूहातून येणारा पैसा फक्त समूहाला जाणाऱ्या पैशातूनच वळता होतो, बाहेरच्या देण्यातून नाही. म्हणजे ४ अब्जांची तरल मालमत्ता अमेरिकेतच ठेवायची, आणि त्यातली रोकड समूहातल्या दुसऱ्या कंपनीच्या खात्यात चालत नाही. शाखांना हाच साठा अमेरिकेत १४ दिवसांपुरता ठेवला तरी चालतो.

नियम कडक आहे, पण संकटात मूळ बँकेचे ते ५ अब्ज खरंच येतील का, हा प्रश्न तो आधीच विचारतो. बँकेच्या ट्रेझरी (निधी सांभाळणाऱ्या) विभागाची चूक इथेच होते: समूहातले आणि बाहेरचे प्रवाह एकाच कोडखाली नोंदवले जातात, आणि मग रोजच्या अहवालात साठा फुगलेला दिसतो.

निधीप्रवाह
नेमकं हेच म्हणायचं होतं. सिलिकॉन व्हॅली बँकेचं उदाहरण यापेक्षा बोलकं आहे. ब्रिटनमधली शाखा ऑगस्ट २०२२ मध्ये उपकंपनी झाली, भांडवल वेगळं झालं. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतली बँक बुडाली, तेव्हा ही ब्रिटिश उपकंपनी एचएसबीसीने १ पौंडाला घेतली आणि ठेवीदार सुखरूप राहिले. केमन बेटांवर मात्र नुसती शाखा होती. तिथल्या ठेवींना अमेरिकी विमा नव्हता, ठेवीदार साध्या, बिनतारण धनकोंच्या रांगेत गेले.

सीमापार
अर्धीच गोष्ट सांगताय. उपकंपनी असूनही बँक ऑफ इंग्लंडने १० मार्चला ती दिवाळखोरी प्रक्रियेत टाकण्याचा इरादा जाहीर केला होता. शनिवार-रविवारात खरेदीदार मिळाला म्हणून निभावलं. आणि ती ठेवी घेऊन कर्ज देणारी सरळ बँक होती. रेपोवर, म्हणजे रोखे तारण ठेवून घेतलेल्या अल्पमुदतीच्या कर्जावर चालणाऱ्या ब्रोकर-डीलरला (रोख्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या कंपनीला) हा दाखला लावू नका.

अनुपालन
आणखी एक मुद्दा. नुसतं भांडवल भरून सुटका होत नाही. सांतांदेरची अमेरिकी कंपनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षं स्ट्रेस टेस्टमध्ये नापास झाली, ती भांडवल कमी पडलं म्हणून नाही. जोखीम ओळखणं, अंतर्गत नियंत्रण, नियोजनाची पद्धत यांवर आक्षेप होते. डॉइश बँकेच्या अमेरिकी कंपनीवर २०१८ मध्ये असेच आक्षेप आले. त्यामुळे आयएचसी उभारताना कायदेशीर साखळी जुळवण्याआधी कर्जनोंदी जुळवा. तारणाचा कोड मुख्यालयाच्या प्रणालीत एक आणि अमेरिकेतल्या प्रणालीत दुसरा असेल, तर तोट्याचा अंदाज कशावर बेतला हे परीक्षकाला दाखवताच येत नाही.

सीमापार
हे मान्य. पण मग माझा मूळ आक्षेप उलट पक्का होतो. ५० अब्जांच्या मोजणीत शाखा नाहीत, म्हणून व्यवहार उपकंपनीतून शाखेत नोंदवण्याचा मोह राहतो. जोखीम तीच, फक्त वही वेगळी. युरोपच्या ४० अब्जांत शाखांची मालमत्ताही धरली जाते. भिंत बांधायचीच असेल तर अमेरिकेनेही आयएचसीच्या उंबरठ्यात शाखा मोजाव्यात.