मदत हवी आहे: रेकॉर्डिंगच्या कॉम्प्युटरला एक मोठी एसएसडी की दोन लहान?

जळगावला घरीच अहिराणी गाणी रेकॉर्ड करतो. जुना डेस्कटॉप, १६ जीबी रॅम, रेकॉर्डिंगला रीपर सॉफ्टवेअर. विंडोज २५६ जीबीच्या एसएसडीवर (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क). प्रोजेक्ट आणि सॅम्पल (वाद्यांचे तयार रेकॉर्ड केलेले आवाज) १ टीबीच्या जुन्या हार्ड डिस्कवर. संबळ-ढोलकी धरून एकावेळी ८ ट्रॅक, २४ बिट ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे मिनिटाला साधारण ७० एमबी. तेवढं ही हार्ड डिस्क आरामात लिहिते. पण सॅम्पल वाजताना गाणं अडखळतं, शिवाय डिस्कची घरघर माइकमध्ये येते. (मे महिन्यात कूलर बंद करून गायचं, वर ही घरघर!) रीपरमधला बफर (आवाजाचा तात्पुरता साठा) वाढवला, डिस्कखाली रबर लावलं, फरक नाही.

एम.२ स्लॉट (बोर्डवर थेट बसणाऱ्या छोट्या एसएसडीची जागा) नाही, साटाचे (केबलने डिस्क जोडायचे) दोन पोर्ट मोकळे आहेत. जुनी डिस्क बाहेर काढून बॅकअपला ठेवणार.

१ टीबीची एकच साटा एसएसडी घेऊन सगळं त्यावर ठेवू, की ५०० जीबीच्या दोन घेऊन सॅम्पल वेगळे ठेवू? ८ ट्रॅकला वेगळं ठेवून खरंच काही फरक पडतो का?