प्रतिसाद: तडे विटांमुळे की सळईमुळे?

आयआयएम अहमदाबादच्या तडे गेलेल्या वसतिगृहांबद्दल 'विटाच हलक्या दर्जाच्या, म्हणून पाडा' असं म्हणतात, ते अर्धंच खरं. अमेरिकन वास्तुरचनाकार लुई कान यांनी आखलेल्या या 18 वसतिगृहांत विटांच्या चपट्या कमानींचा बाजूचा रेटा काँक्रीटची आडवी पट्टी ओढून धरते. पाणी मुरलं की तिच्यातली सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा घेतो, मग काँक्रीट फुटतं, शेजारची वीटही.

म्हणून आधी गच्चीची गळती थांबवा, नाहीतर बाकी सगळं वाया. मग कमानीखाली टेकू देऊन पट्टी थोडी थोडी उघडायची (सलग उघडली तर कमान पसरते), सळई चकचकीत होईतो घासायची, फार झिजली असेल तर नवी जोडायची. विटा बदलताना त्या जोडायचा मसाला विटेपेक्षा कमजोरच हवा. कडक सिमेंटने दरज भरली की वीटच सोलून निघते.