केवडा रोगाशी द्राक्षवेल स्वतःच लढू शकते का?

प्रश्न (परसबागवाला, मानेवाडा, नागपूर):
घरामागे द्राक्षाचा मांडव आहे. आपलं ऊन वेल सोसून घेते, पण पाऊस लागला की केवडा येतोच. पानावर तेल सांडल्यासारखे पिवळट डाग, पान उलटवलं की खाली पांढरा कापूस. कृषी केंद्रात मॅन्कोझेब हे बुरशीनाशक सांगतात. पण नातवंडं घड तोडून न धुताच तोंडात टाकतात, मला मांडवावर ते औषध नकोच. कायटोसॅन मारलं की वेल स्वतःच रोगाशी लढते म्हणे. खरं आहे का? डाग आलेत, आत्ताच मारू?

उत्तर (रोगशास्त्राचा विद्यार्थी, अकोला):
काकाजी, खरं आहे, पण आलेल्या डागांवर त्याचा उपयोग नाही. तिथे केवडा पानात शिरून बसलाय.

केवडा मूळचा अमेरिकेचा, 1878 च्या सुमारास युरोपात पोचला. अमेरिकेतल्या कित्येक जंगली द्राक्षवेली त्याला चटकन ओळखतात. थॉम्पसन जातीसारख्या युरोपीय वंशाच्या वेलींकडेही हत्यारं आहेत: रेझव्हेरॅट्रॉल, व्हिनिफेरिन ही रोगाला रोखणारी रसायनं, बुरशीची भिंत फोडणारी विकरं (एन्झाइम). फक्त ती बाहेर काढायला त्या उशीर करतात. कायटोसॅन बनतं झिंगे-खेकड्यांच्या कवचातल्या कायटिनपासून, आणि कायटिन बुरशांच्या भिंतीतही असतं. ते पानावर पडलं की हल्ला झाला असं समजून वेल आधीच तयारीला लागते. तपकिरी समुद्रशेवाळातलं लॅमिनॅरिनही असंच काम करतं. तयारीला एक-दोन दिवस तरी लागतात, म्हणून फवारणी पावसाच्या आधी हवी. नवीन फुटीसाठी पुन्हा करावी लागते.

पोटॅशियम फॉस्फोनेटही ‘प्रतिकारशक्तीचं औषध’ म्हणून विकतात. त्याचा अंश वेलीत बराच काळ राहतो. नातवंडांचा विचार करता मी तुम्हाला ते सुचवणार नाही.

उत्तर (बागायतदार, दिंडोरी):
दादा, नुसत्या कायटोसॅनवर विसंबू नका. प्रयोगशाळेत छान दिसतं, बागेत कधी साधतं, कधी नाही. 2009 च्या नोव्हेंबरातला अवकाळी आम्ही पाहिलाय, केवडा थेट घडांवर उतरला होता. केवड्याचे बीजाणू पानावरच्या पाण्यात पोहत छिद्रांतून आत शिरतात. पान लवकर वाळलं तर त्यांना वाटच मिळत नाही. मांडव दाट असेल तर बगलफुटी काढा, वारा खेळू द्या. संध्याकाळी पानांवर पाणी मारू नका. गळलेली पानं वेचून बागेबाहेर न्या. केवडा त्यांच्यातच दडून पुढच्या पावसाची वाट बघतो.

परसबागवाला:
मांडव दाटच आहे, सावलीसाठी मीच वाढू दिला. आजच रोगट पानं काढतो. कायटोसॅनची भुकटी मिळतेय, पाण्यात ढवळून मारली तर चालेल का?

रोगशास्त्राचा विद्यार्थी:
नाही काकाजी. भुकटी साध्या पाण्यात विरघळत नाही, तिला आम्ल लागतं. तयार द्रावण घ्या, मात्रा लेबलवरचीच ठेवा. उन्हं उतरल्यावर, पानं वाळायला वेळ राहील असं मारा. आणि पानाची खालची बाजू भिजली पाहिजे, केवडा तिकडूनच शिरतो.