समितीने बोलावलं आणि साहेब गेलेच नाहीत, तर पुढे नेमकं काय होतं?

सोलापुरी_चटणी
राज्यसेवेचा अभ्यास चालू आहे. पुस्तकात लिहिलंय की संसदीय समिती कोणालाही साक्षीला बोलावू शकते, कागदपत्रं मागवू शकते वगैरे वगैरे. पण मग ऑक्टोबर २०२४ चं घ्या ना. सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीने शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या तेव्हाच्या अध्यक्षा माधबी पुरी बुच यांना बोलावलं, २४ तारखेला ऐन सकाळी त्यांचा निरोप आला की दिल्लीला यायला जमत नाही, आणि समितीचे अध्यक्ष वेणुगोपाल यांनी बैठकच पुढे ढकलली. मग कसली पॉवर? आणि दुसरं, मंत्र्याला का नाही बोलावत, निर्णय तर त्यांचाच असतो. मेसमध्ये यावरून काल जाम वाजलंय, एक जण म्हणतो समिती डायरेक्ट जेलात टाकू शकते, दुसरा म्हणतो नुसता चहा-बिस्किटांचा कार्यक्रम असतो. कोण बरोबर?

अर्धा_वकील
दोघंही अर्धे अर्धे. लोकसभेच्या कामकाज नियमांतला २७० वा नियम काढून वाच. माणसं, कागद, नोंदी मागवायचा अधिकार समितीला आहे, पण त्यालाच अटी जोडलेल्यात. अमुक साक्ष किंवा कागद समितीच्या कामाचा आहे की नाही यावर वाद झाला तर लोकसभा अध्यक्ष सांगतील ते अंतिम. आणि देशाच्या सुरक्षेला किंवा हिताला बाधा येते असं म्हणून सरकार कागद द्यायला नकार देऊ शकतं. आता 'हित' म्हटलं की त्यात काय काय बसवता येतं ते तूच बघ.

जेलचं म्हणशील तर समिती स्वतः कोणाला शिक्षा देत नाही, ती सभागृहाला कळवते, हक्कभंग (म्हणजे सभागृहाच्या अधिकारांचा भंग) लागतो, शिक्षा सभागृह देतं. आणि हे फक्त पुस्तकात नाही हं. आपल्याच राज्याचे निवडणूक आयुक्त नंदलाल, विधिमंडळाच्या हक्कभंग समितीपुढे जायला त्यांनी नकार दिला, म्हणणं असं की माझं पद घटनात्मक आहे. मार्च २००८ मध्ये विधानसभेने दोन दिवसांची कैद सुनावली आणि स्वारी आर्थर रोडला.

पण प्रत्येक वेळी असं होतंच असं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये संदेशखालीच्या प्रकरणात लोकसभेच्या विशेषाधिकार (म्हणजे हक्कभंग) समितीने बंगालचे मुख्य सचिव आणि पोलीस महासंचालकांना बोलावलं होतं, सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. उलट २०२१ च्या अजित मोहन निकालात त्याच कोर्टाने म्हटलंय की विधिमंडळाची समिती बाहेरच्या माणसालाही बोलावू शकते, तिथे फेसबुक इंडियाचे प्रमुख दिल्ली विधानसभेच्या समितीपुढे यायला तयार नव्हते. परीक्षेला हा निकाल करून ठेव.

फाईलवाला_रिटायर्ड
चहा-बिस्किटं म्हणणाऱ्या मित्राला सांगा की ती बिस्किटं घशाखाली उतरत नाहीत. मी मंत्रालयात होतो, खातं सांगत नाही. विधिमंडळाच्या लोकलेखा समितीपुढे आमच्या सचिवांची साक्ष लागली की आधीचे आठ-पंधरा दिवस सगळा विभाग त्याच कामाला. होतं काय, कॅगच्या (सरकारी हिशेब तपासणारे महालेखापरीक्षक) अहवालातला परिच्छेद असतो किती तरी जुना, कामाचे पैसे दिले पण काम अर्धवट अशा छापाचा, ज्यांनी बिल पास केलं ते कधीच निवृत्त, फाईल विभागात नाही, जिल्ह्याला विचारावं तर ते म्हणणार आम्ही मंत्रालयात पाठवली, आणि उत्तर द्यायला उभे कोण तर असे सचिव ज्यांची चार महिन्यांपूर्वी बदली होऊन ते या खात्यात आलेत. स्पष्टीकरणात्मक ज्ञापन, म्हणजे विभागाचा लेखी खुलासा, आधीच गेलेलं असतं आणि आमदार त्यातलीच एखादी ओळ पकडतात.

खोलीत समोर समिती, त्यांच्या बाजूला महालेखापालांची माणसं, अलीकडे सचिव, त्यांच्या मागच्या रांगेत आम्ही उपसचिव, कक्ष अधिकारी, मांडीवर फायली. प्रश्न आला की मागून चिठ्ठी पुढे. एकदा आमच्या साहेबांनी चिठ्ठी उलटी धरली आणि दुसऱ्याच परिच्छेदाचा आकडा वाचला, महालेखापालांच्या माणसाने तिथल्या तिथे दुरुस्त केला. प्रतिवेदक शब्द न् शब्द टिपत असतात. "माहिती घेऊन सांगतो" हे एकदा चालतं, दुसऱ्यांदा म्हटलं की अध्यक्ष विचारतात मग आज कशाला आलात. सचिवांनी परवानगी न घेता खालच्या माणसाला पाठवलं तर साक्षच घेत नाहीत, पुढची तारीख देतात आणि तीही कडक शब्दांत.

जेलबिल कोणाच्या डोक्यात नसतं हो. धास्ती असते अहवालातल्या एका वाक्याची, "जबाबदारी निश्चित करून कारवाई करावी". ते छापून आलं की विभागीय चौकशी लागते आणि कोणाची तरी पेन्शन अडकते. आता तो कोणी तरी बहुतेक वेळा खालचाच असतो हा भाग वेगळा.

रोखठोक_वऱ्हाडी
काका बरोबर बोलले, पण दुसरी बाजूही सांगा ना. विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्ह्यात येणार म्हटलं की झेडपीत काय धावपळ असते ते कोणत्याही ग्रामसेवकाला विचारा. रजा बंद, शाळांना रातोरात रंग, रजिस्टरं नवी. आणि सरबराईचा खर्च कोणाच्या खिशातून निघतो यावर कोणी बोलत नाही. मे २०२५ मध्ये विधिमंडळाच्याच अंदाज समितीचा धुळे दौरा चालू असताना तिथल्या विश्रामगृहाच्या खोलीत पावणेदोन कोटींच्या वर रोकड सापडली होती, चौकशी लागली, पैसा कोणाचा त्यावर मी काही बोलत नाही. पण प्रश्न विचारायचा अधिकार म्हणजे न विचारण्याचाही अधिकार आला ना भाऊ. त्यावर कोण नजर ठेवणार?

अर्धा_वकील
@रोखठोक_वऱ्हाडी म्हणूनच साक्ष लोकांसमोर व्हायला हवी असं माझं मत. आपल्याकडे बैठका बंद दाराआड, अहवाल सभागृहात मांडेपर्यंत सगळं गोपनीय. अमेरिकेत सुनावणी टीव्हीवर दिसते. आपल्याकडची बाजू अशी की कॅमेरा नसला की खासदार पक्षाच्या वर उठून बोलतात. काही समित्यांत ते खरंही आहे, पण गरम विषय आला की बंद दाराआडही पक्षच बोलतो. २८ जुलै २०२१ आठवतंय? पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचं वादळ चालू, शशी थरूर यांच्या आयटी समितीने गृह, दूरसंचार आणि आयटी खात्याच्या अधिकाऱ्यांना बोलावलेलं. अधिकारी आलेच नाहीत, आणि भाजपचे खासदार खोलीत हजर पण रजिस्टरवर सही करेनात, त्यामुळे गणपूर्ती नाही. एक तृतीयांश सदस्य लागतात. गणपूर्तीच नाही तर न आलेल्या अधिकाऱ्याला विचारणार कोण? थरूर यांनी लोकसभा अध्यक्षांना पत्र लिहिलं. २०११ ला टूजी स्पेक्ट्रम घोटाळ्याच्या वेळी मुरली मनोहर जोशींच्या लोकलेखा समितीत उलटा पक्ष, तोच खेळ, सत्ताधारी सदस्यांनी अहवालच फेटाळला.

सोलापुरी_चटणी
भारी माहिती मिळाली. मंत्र्यांचं राहिलं पण.

अर्धा_वकील
लोकसभा अध्यक्षांचे निर्देश असतात, त्यातला ९९ वा बघ. लोकलेखा, अंदाज वगैरे आर्थिक समित्यांनी मंत्र्याला साक्षीला बोलवायचं नाही. तर्क असा की मंत्री सभागृहाला थेट उत्तरदायी आहे, त्याला तिथे विचारा, हिशेब सचिवाला विचारा. २०१७ ला नोटबंदीच्या वेळी लोकलेखा समितीचे तेव्हाचे अध्यक्ष के. व्ही. थॉमस म्हणाले वेळ पडली तर पंतप्रधानांनाही बोलावू, लगेच भाजपच्या सदस्यांनी हाच निर्देश पुढे केला. शेवटी रिझर्व्ह बँकेचे ऊर्जित पटेल येऊन गेले. जेपीसीचं (दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती) वेगळं असतं, हर्षद मेहताच्या वेळी अर्थमंत्री मनमोहन सिंग जेपीसीपुढे गेले होते. टूजीत तर पंतप्रधान असताना त्यांनी स्वतःहूनच लोकलेखा समितीपुढे यायची तयारी दाखवली होती, तेव्हा विरोधकांना ती नको होती, त्यांना जेपीसीच हवी होती.

फाईलवाला_रिटायर्ड
तर्क कागदावर ठीक आहे वकीलसाहेब. प्रत्यक्षात मंत्र्याने तोंडी सांगितलेलं असतं, सही सचिवांची असते, आणि समितीत "मंत्री महोदयांनी सांगितलं म्हणून" असं कोणी म्हणत नाही. माझ्या नोकरीत मी ते एकदाही ऐकलं नाही.

रोखठोक_वऱ्हाडी
काका, रिटायर झालेल्यालाही बोलावतात का हो? तुमच्यासाठी विचारतोय :)

अर्धा_वकील
काकांना घाबरवू नका, पण कायद्याने कोणी सुटत नाही. उत्तर प्रदेशात २००४ साली कानपुरात आमदारावर लाठीमार झाला होता. त्या हक्कभंगाची शिक्षा मार्च २०२३ मध्ये झाली, सहा पोलिसांना विधानभवनातच मध्यरात्रीपर्यंत कोंडून ठेवलं. त्यातले एक साहेब तोवर आयएएस होऊन निवृत्तही झाले होते.