फोनवर वेग, पीएस४ वर गोगलगाय

वायफायवर फोनला ४० एमबीपीएस वेग आणि त्याच खोलीत पीएस४ ला, म्हणजे प्लेस्टेशन ४ या गेम कन्सोलला, जेमतेम ३, म्हणून कनेक्शनवाल्याशी भांडू नका. पीएस४ चं २०१३ चं पहिलं मॉडेल वायफायचा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा पकडतं. ५ गिगाहर्ट्झ २०१६ च्या स्लिम आणि प्रोपासून आलं. तुमचा फोन बहुधा जास्त वेगाच्या ५ वर असणार, त्यामुळे ही तुलनाच चुकीची.

अशा वेळी डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलायचा सल्ला मिळतो, पण त्याने डाउनलोडचा वेग सहसा वाढत नाही. राउटरमध्ये २.४ ची चॅनल रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा आणि १, ६, ११ पैकी कमी गर्दीचा चॅनल निवडा. डाउनलोड चालू असताना गेम पूर्ण बंद करा. नुसता मागे ठेवला तरी वेग पडतो.

पण राउटर पडवीत, कन्सोल माजघरात आणि मध्ये जांभ्याची जाड भिंत असेल, तर सेटिंग कुठवर पुरणार? आपल्याकडच्या जुन्या घरांचं हेच दुखणं. सरळ राउटरपासून कन्सोलपर्यंत कॅट ५ई नेटवर्क केबल टाका, १०० मीटरपर्यंत चालते. माळ्यावरून नेणार असाल तर पाइपातून न्या, उंदीर सोडत नाहीत. आणि वळवाच्या विजा सुरू झाल्या की केबल दोन्हीकडून काढून ठेवा.